किती एपी पुरेत? बृहन्महाराष्ट्र मंडळास खुले पत्र

बृहन्महाराष्ट्र मंडळ, उत्तर अमेरिका
अध्यक्ष आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,



अमेरिका आणि कॅनडातल्या मराठी मंडळांना एकत्र बांधण्याचे काम आपण १९८१पासून करत आहात. अधिवेशने, ‘बृहन्महाराष्ट्र वृत्त’ आणि ठिकठिकाणच्या मराठी शाळा यांतून आपला शब्द हजारो घरांत पोचतो आणि तिथे तो मानला जातो. म्हणून हे पत्र एखाद्या शाळेला किंवा परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाला न लिहिता आपल्याला लिहीत आहे. विषय आहे आपल्या मुलांच्या ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ म्हणजे एपी परीक्षांचा. मूल आठवीत असतानाच पुढच्या चार वर्षांचा तक्ता मांडायचा, त्यात दहा-बारा एपी बसवायच्या, शाळेत जो विषय नाही त्याचा बाहेर क्लास लावून परीक्षा द्यायला लावायची, आणि ‘चांगल्या कॉलेजात जायचे तर एवढे करावेच लागते’ असे एकमेकांना सांगत राहायचे, हे आपल्या अनेक घरांत आता गृहीतच धरले जाते. माझे म्हणणे असे की निवडक, नीट केलेल्या एपींचा प्रवेशाला उपयोग होतो. पण तो उपयोग एका टप्प्याला थांबतो, आणि आपली बरीच मुले तो टप्पा ओलांडून कितीतरी पुढे धावत असतात. हे सांगायला माझ्या मतापेक्षा विद्यापीठांचे स्वतःचे कागद आणि संशोधकांचे निष्कर्ष अधिक उपयोगी आहेत, म्हणून तेच मांडतो.

आधी एक गल्लत दूर करू. एपीचा कोर्स वेगळा आणि एपीची परीक्षा वेगळी. कॉलेज बोर्डाने १९५५ साली हा कार्यक्रम हाती घेतला तो हुशार मुलांना शाळेतच कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा अभ्यास करता यावा म्हणून. आज त्यात सुमारे ४० विषय आहेत. कोर्स वर्षभर शाळेत चालतो, त्याची ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या गुणपत्रकावर येते. परीक्षा मे महिन्यात होते, प्रत्येकीला सुमारे १०० डॉलर पडतात, गुण १ ते ५ असे मिळतात आणि निकाल जुलैत लागतो. आता बारावीच्या मुलाचे वेळापत्रक पाहा. अर्ज जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत गेलेले असतात, मार्चअखेर निर्णय कळतात, १ मेपर्यंत कॉलेज निश्चित करायचे असते. म्हणजे बारावीत दिलेल्या एपी परीक्षांचा निकाल प्रवेशाच्या निर्णयात येऊच शकत नाही. बारावीत कोणते विषय घेतले हे पाहिले जाते आणि सहामाहीच्या ग्रेडही पाहिल्या जातात, पण मे महिन्यातले पाच पेपर त्या मुलाला कुठेही प्रवेश मिळवून देत नाहीत. आधीच्या वर्षांचे गुणसुद्धा बहुतेक ठिकाणी अर्जदाराने स्वतः लिहायचे असतात आणि न लिहिण्याची मुभा असते. तेव्हा महत्त्वाचा क्रम असा: सगळ्यात आधी कोर्समधली ग्रेड, मग कोर्स किती कसदार होता हे, आणि परीक्षेचा गुण बऱ्याच मागून. शाळेत कोर्स न करता घरी अभ्यास करून दिलेली जादा परीक्षा या क्रमात कुठे बसते, याचा विचार फी भरण्याआधी व्हायला हवा.

अर्ज वाचणाऱ्याच्या हातात प्रत्यक्ष काय पडते ते जवळून पाहू. अनेक कॉलेजांना चालणाऱ्या ‘कॉमन ॲप’ या सामाईक अर्जात मुलाच्या अर्जासोबत शाळेच्या काउन्सेलरचा एक अहवाल जातो. त्यात एक प्रश्न असतो: तुमच्याच शाळेतल्या, कॉलेजला जाऊ पाहणाऱ्या इतर मुलांच्या तुलनेत या मुलाने निवडलेले विषय किती अवघड आहेत? त्यापुढे चौकटी असतात. सर्वांत वरची ‘सर्वाधिक कसाचा’, त्याखाली ‘खूप कसाचा’, त्याखाली ‘कसाचा’, असे उतरत जाते. या अहवालाला शाळेची माहितीपत्रिका जोडलेली असते. शाळेत एपी किती शिकवल्या जातात, त्यांवर काही मर्यादा आहे का, मुलांच्या ग्रेड साधारण कशा असतात, हे त्यात लिहिलेले असते. सारी तुलना त्या शाळेच्या चौकटीतच होते. ज्या शाळेत सहा एपी आहेत तिथल्या पाच एपींचे वजन, पंचवीस एपी असलेल्या शाळेतल्या दहांपेक्षा कमी नसते. तसेच दरवर्षी बहुतेक विद्यापीठे ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा माहितीचा तक्ता प्रसिद्ध करतात. प्रवेशात कोणत्या गोष्टीला किती महत्त्व, हे त्याच्या ‘सी-७’ या कलमात खूण करून सांगितलेले असते. शालेय अभ्यासक्रमाचा कस, ग्रेड, वर्गातला क्रमांक, प्रमाणित चाचण्या, निबंध, शिफारसपत्रे, शाळेबाहेरचे उद्योग, अंगची कला, स्वभाव, समाजसेवा, नोकरीचा अनुभव अशा ओळी त्यात आहेत. ‘एपींची संख्या’ अशी ओळ त्या कलमात नाही. कस या ओळीसमोर मात्र अनेक नामांकित विद्यापीठे ‘अत्यंत महत्त्वाचे’ अशी खूण करतात. ती खूण खरीच आहे. पण कस कुठवर मोजला जातो, हा पुढचा प्रश्न आहे.

कॅलिफोर्नियातल्या पालकांसाठी याचे उत्तर आकड्यातच लिहिलेले आहे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रवेशासाठी जो जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, काढते, त्यात एपी आणि मान्य ऑनर्स विषयांना एकेक गुण जास्त मिळतो, म्हणजे ‘ए’ला चाराऐवजी पाच. पण हा जादा गुण जास्तीत जास्त आठ सेमिस्टरांनाच मिळतो आणि त्यांतली दहावीतली चारपेक्षा जास्त धरत नाहीत. आठ सेमिस्टर म्हणजे वर्षभराचे चार विषय. दहावी-अकरावीत एकाने चार एपी घेतल्या आणि दुसऱ्याने नऊ, तरी या हिशेबात दोघांचा जादा गुण सारखाच. उलट नवव्या एपीत ‘ए’चा ‘बी’ झाला तर दुसऱ्याचा आकडा खाली येतो. अर्ज वाचणाऱ्याला सगळे विषय दिसतात आणि कस हा तिथल्या अनेक निकषांपैकी एक आहे, हे मी नाकारत नाही. मात्र विद्यापीठाने स्वतःच्या सूत्रात मुद्दाम वरची मर्यादा घातली आहे. मर्यादा कशासाठी घातली, हे आपण स्वतःला विचारले पाहिजे.

याच विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांवर सॉल गायझर आणि व्हेरोनिका सँटेलिसेस यांनी २००४ साली बर्कलीतून एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुलाची शाळेतली ग्रेड आणि घरची पार्श्वभूमी हिशेबात घेतल्यावर, त्याने एपी-ऑनर्स कोर्स किती केले या संख्येचा कॉलेजातल्या यशाशी फारसा संबंध उरत नाही, असे त्यांना आढळले. एपी परीक्षेत गुण किती मिळाले, याचा मात्र चांगला संबंध होता. टेक्सासमधल्या विद्यार्थ्यांच्या नोंदींवरून क्रिस्टिन क्लॉपफेनस्टाइन आणि कॅथलीन थॉमस यांनी २००९ साली असेच काहीसे दाखवले: इतर गोष्टी सारख्या धरल्या तर केवळ एपी घेतल्याने कॉलेजातली कामगिरी सुधारतेच असे म्हणता येत नाही. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिलच्या प्रवेश कार्यालयाने आपल्याच विद्यार्थ्यांचे निकाल तपासले. पाच कॉलेजपातळीच्या विषयांपर्यंत पहिल्या वर्षाच्या ग्रेड सुधारत जातात, पाचांनंतर सुधारणा दिसत नाही, असे निघाले. त्यावरून कस ठरवताना पाचांच्या पुढची मोजणी करणार नाही, असे त्यांनी अर्जदारांना कळवले. आणि हे सगळे एपीच्या टीकाकारांचे म्हणणे आहे असे कुणाला वाटत असेल, तर कॉलेज बोर्डाच्याच संशोधकांनी २०१९ साली मांडलेला निष्कर्ष पाहावा. चार ते सहा परीक्षांनंतर प्रत्येक जादा परीक्षेचा फायदा अगदी थोडा उरतो आणि संख्येपेक्षा गुण अधिक सांगून जातात, असे तेही म्हणतात. ज्यांचे उत्पन्न परीक्षांच्या संख्येवर अवलंबून आहे त्यांचीच ही कबुली आहे, म्हणून मला ती सगळ्यांत वजनदार वाटते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. ‘अमक्याची मुलगी स्टॅनफर्डला गेली, तिच्या अकरा एपी होत्या.’ असतील. पण अकरा एपी असूनही ज्यांना नकार आला, त्यांची नावे मंडळाच्या कार्यक्रमात कुणी वाचून दाखवत नाही. प्रवेशात वंशाचा विचार करण्यावरून हार्वर्डवर झालेल्या खटल्यात न्यायालयासमोर आलेले आकडे याबाबतीत पुरेसे बोलके आहेत. २०१९ साली पदवी घेणाऱ्या तुकडीसाठी अमेरिकेतून सुमारे २६,००० अर्ज आले होते. त्यांपैकी आठ हजारांहून अधिक मुलांचा जीपीए पैकीच्या पैकी होता, तीन हजारांहून अधिक मुलांना एसएटीच्या गणितात पूर्ण गुण होते. आणि प्रवेश देऊ केला गेला तो जेमतेम दोन हजारांना. जिथे पूर्ण गुणवालेच जागांच्या चौपट आहेत, तिथे आणखी एका परीक्षेतला ‘५’ निर्णय फिरवू शकत नाही. त्याच खटल्यात आशियाई वंशाच्या अर्जदारांचा प्रश्नही होता, आणि त्यातून दुसरा आक्षेप येतो: आपल्या मुलांना इतरांपेक्षा जास्तच करून दाखवावे लागते. या भावनेमागे खरी वेदना आहे, ती मी उडवून लावत नाही. पण पुराव्यात दिसले ते काय? आशियाई अर्जदारांचे शैक्षणिक मूल्यांकन आधीच सरस होते, मागे पडत होते ते ‘व्यक्तिमत्त्वा’च्या मूल्यांकनात. तो भेदभाव होता की नव्हता यावर खालच्या न्यायालयाचे मत एक होते, सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२३ रोजी हार्वर्डविरुद्ध निकाल दिला. आपल्यापुरता मुद्दा एवढाच की कमतरता जिथे मानली गेली ती जागा अभ्यासाची नव्हती. जिथे आपण भक्कम आहोत तिथेच आणखी भर घालत राहणे, हे त्या अन्यायावरचे उत्तर नाही.

आपण हे इतके सहज का मानतो, याचे कारण आपल्या जडणघडणीत आहे असे मला वाटते. आपली पिढी गुणवत्ता यादी पाहत वाढली. ‘बोर्डात आला’ हे शब्द आयुष्यभर माणसाच्या नावाला चिकटून राहत. बारावीचा पीसीएम ग्रुप, सीईटी, जेईई, सगळीकडे एकेका गुणावर क्रमांक बदलत होता, आणि क्रमांकावर कॉलेज ठरत होते. कट-ऑफ छापलेला असायचा. त्या व्यवस्थेत जास्त म्हणजे निश्चित बरे. तिने आपल्याला इथवर आणले, म्हणून तिच्यावरचा विश्वास स्वाभाविक आहे. इथली व्यवस्था त्या जातीची नाही. ती अधिक न्याय्य आहे असे मी म्हणत नाही. देणगीदारांच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप पाहिले तर तसे म्हणताही येणार नाही. पण ती वेगळी आहे. इथे अभ्यासाची एक पायरी चढलात की पुढचा निर्णय निबंधावर, शिक्षकांच्या पत्रांवर, एखाद्या गोष्टीत वर्षानुवर्षे घातलेल्या मनावर आणि विद्यापीठाच्या स्वतःच्या गरजांवर जातो. क्रमांकाची सवय घेऊन आपण या व्यवस्थेत उतरलो आणि मोजता येण्याजोगी जी एकच गोष्ट हाताला लागली, ती मोजत बसलो.

तिसरा आक्षेप सगळ्यांत खरा आहे. एडिसन, नेपरव्हिल, क्युपर्टिनो, फ्रीमाँट अशा गावांतल्या शाळांत सगळीच मुले एपी घेतात. तिथे आपल्या मुलाने पाचच घेतल्या, तर काउन्सेलर वरच्या चौकटीत खूण करणार नाही, मग काय? हे होऊ शकते, आणि म्हणून पाच हा आकडा सगळीकडे ठोकून देण्याचा माझा हेतू नाही. वरची चौकट शाळेगणिक वेगळ्या ठिकाणी असते. ती कुठे आहे हे काउन्सेलरला सरळ विचारता येते. नववीतच विचारावे. ती चौकट मिळवण्यापुरते विषय घ्यावेत, तेही इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास आणि परकी भाषा या पाच मुख्य विषयांतले, आणि मुलाला पुढे जे शिकायचे आहे त्याच्या जवळचे. इंजिनीयर होऊ पाहणाऱ्या मुलीने कॅल्क्युलस बीसी आणि फिजिक्स सी मन लावून करणे याला अर्थ आहे. केवळ यादी लांबवण्यासाठी ह्यूमन जिऑग्रफी, एन्व्हायर्नमेंटल सायन्स आणि सायकॉलॉजी एकाच वर्षात कोंबणे याला नाही. तिला मानसशास्त्राची खरी ओढ असेल तर ते जरूर घ्यावे, मग संख्या कितीही होवो. शिवाय वरची चौकट अटळ असते ती मूठभर कॉलेजांसाठी. अमेरिकेतली बहुसंख्य चांगली विद्यापीठे, ज्यांतून आपले शेकडो मराठी अभियंते आणि डॉक्टर बाहेर पडले, ती एवढ्या अटीतटीवर अडत नाहीत. आणि एपी नसल्याने मूल मागे पडते हेही खरे नाही. वॉशिंग्टन परिसरातल्या सिडवेल फ्रेंड्ससह आठ खाजगी शाळांनी २०१८ साली एपी बंद करण्याचे जाहीर केले, न्यूयॉर्कजवळच्या स्कार्सडेलच्या सरकारी शाळेने त्याच्या कितीतरी आधी स्वतःचे प्रगत विषय आणले. विद्यापीठांनी त्या शाळांतली मुले घेणे थांबवले नाही.

चौथा आक्षेप पैशांचा, आणि तिथे मी पालकांच्या बाजूने आहे. अनेक सरकारी विद्यापीठांत ३ किंवा त्याहून जास्त गुणांना क्रेडिट मिळते. इलिनॉयसारख्या राज्यांत तसा कायदाच आहे. एखादे सेमिस्टर वाचले तर कुटुंबाचे हजारो डॉलर वाचतात, आणि ज्यांच्या घरी ओढाताण आहे त्यांच्यासाठी हे फार मोठे आहे. पण हा फायदा प्रवेशानंतरचा आहे, आणि तो कॉलेजागणिक बदलतो. ज्या महागड्या कॉलेजांसाठी आपण धावतो त्यांतली काही एपीचे क्रेडिट देतच नाहीत. डार्टमथने २०१८च्या तुकडीपासून ते बंद केले, कॅलटेकही देत नाही. म्हणून क्रेडिट हवे असेल तर त्या विद्यापीठाचा तक्ता उघडून कोणत्या विषयाला, किती गुणांना, काय मिळते ते पाहावे आणि तेवढ्याच परीक्षा द्याव्यात. प्रमाणित चाचण्यांऐवजी एपीचे गुण चालतील असे येलने २०२४ साली जाहीर केले, तेव्हा पुन्हा संख्येची चर्चा सुरू झाली. पण तिथेही विषयातली तयारीच पाहिली जाते. ब्रिटनमधली ऑक्सफर्ड-केंब्रिज तर एपींची संख्या उघड मागतात, आणि तीही पाचांच्या पुढे जात नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी दोन वाक्ये. पुण्या-मुंबईत बारावीबरोबरच एपी द्यायला लावणारे क्लास आता दिसतात. भारतातून येणाऱ्या अर्जदाराला विद्यापीठे त्याच्याच बोर्डाच्या चौकटीत तपासतात, आणि बारावीचे गुण घसरवून मिळवलेल्या एपीने त्याचे भले होत नाही.

आता किंमत पाहू, कारण जादा एपीने फायदा नाही एवढ्यावर गोष्ट संपत नाही. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी, असे निद्रावैद्यक सांगते. पाच-सहा एपी एकाच वर्षी करणाऱ्या मुलांच्या घरी रात्री बारानंतर दिवा चालू असतो, हे आपल्याला सांगायला नको. रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशनच्या २०१८च्या अहवालाने किशोरांच्या मनःस्वास्थ्याला घातक असलेल्या परिस्थितींत गरिबी, आघात आणि भेदभाव यांच्या जोडीला ‘यशस्वी होण्याचा अतिरेकी ताण’ हेही नोंदवले. सुखवस्तू, सुशिक्षित घरांतल्या आणि नावाजलेल्या शाळांतल्या मुलांबद्दलचे हे निरीक्षण आहे. म्हणजे आपल्याच मुलांबद्दलचे. शिवाय तास कुठून तरी येतातच. ते येतात खेळातून, पेटी-तबल्याच्या शिकवणीतून, उगाच वाचलेल्या पुस्तकातून आणि आजी-आजोबांशी होणाऱ्या फोनवरच्या गप्पांतून. मराठी शाळेतूनही येतात. एपीमध्ये स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन, इटालियन, चिनी, जपानी आणि लॅटिन आहे, मराठी किंवा दुसरी कोणतीही भारतीय भाषा नाही. म्हणून तक्ता मांडताना पहिली काट मराठीवर पडते. वास्तविक दोन भाषांवरच्या प्रभुत्वासाठी मिळणारी ‘सील ऑफ बायलिटरसी’ २०११ साली कॅलिफोर्नियाच्या कायद्याने सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. मुलाच्या डिप्लोम्यावर ती लागते, आणि मराठीची प्रमाणित चाचणी देऊन ती मिळवता येते. यादीतली दहाव्या क्रमांकाची एपी सोडून ज्याने मराठी टिकवली, त्याच्या अर्जात काही कमी पडत नाही. निबंधात लिहिण्याजोगे असे काहीतरी त्याच्याकडे असते, जे त्याच्या शाळेतल्या इतर शंभर अर्जांत नसते. अर्थात मी मराठीचीही यादीत आणखी एक ओळ करा असे म्हणत नाही. मराठी ही त्या मुलाची आहे, म्हणून ती त्याच्याकडे राहिली पाहिजे.

आपल्याकडे चार मागण्या आहेत. पुढच्या अधिवेशनात प्रवेशावरचे सत्र ठेवाल तेव्हा व्यासपीठावर प्रवेश मिळवून देणाऱ्या सल्लागार कंपन्यांऐवजी सरकारी शाळांतले अनुभवी काउन्सेलर बोलवा, आणि ‘कॉमन डेटा सेट’चे सी-७ कलम व युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा जीपीएचा हिशेब पालकांसमोर पडद्यावर मांडा. मुलांचे सत्कार करताना एपींची संख्या आणि कॉलेजांची नावे वाचणे बंद करा. मूल काय शिकले, कशात रमले ते वाचा. मराठी शाळांतल्या नववी ते बारावीच्या मुलांसाठी वर्ग मे महिन्याच्या परीक्षा सांभाळून ठेवा आणि सीलच्या चाचणीची तयारी त्यातच करून घ्या. आणि ज्या जिल्ह्यांत मराठीला अजून परक्या भाषेचे क्रेडिट मिळत नाही, तिथल्या शिक्षण मंडळांकडे स्थानिक मंडळांमार्फत आपल्या नावाने अर्ज करा. पुढच्या वर्षाचे विषय निवडायचे फॉर्म बहुतेक शाळांत जानेवारी-फेब्रुवारीत भरले जातात. पालकांना हे सगळे सांगायचे असेल तर त्याआधी सांगा.